हजार मुलांचे घसे आणि एक जमाखर्चाची वही

१९७८ च्या मे महिन्यात, मी आठ वर्षांचा असताना, बार्शीहून एसटीने सोलापूरला नेऊन माझे टॉन्सिल काढण्यात आले. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी धाकट्या भावाचेही त्याच दिवशी काढायचे ठरले होते. ‘दोघांचे एकदमच उरकून टाकू, सुट्टीतल्या सुट्टीत होईल,’ असा वडिलांचा हिशेब होता. पण ऑपरेशनच्या दिवशी सकाळी भावाच्या अंगात कणकण भरली आणि डॉक्टरांनी त्याला परत पाठवले. पुढच्या सुट्टीत बघू म्हणता म्हणता ते राहून गेले. त्यामुळे आज माझ्या घशात टॉन्सिल नाहीत आणि भावाच्या घशात आहेत.

त्या दिवसातले मला थोडेच आठवते. तारेच्या जाळीवर ताणलेले पांढरे फडके, त्यावर थेंब थेंब पडणारे ईथर, त्याचा गोडसर, डोक्यात चढणारा वास. कुणीतरी म्हणाले, ‘बाळ, आकडे म्हण.’ मी तेरापर्यंत पोचलो. नंतर तोंडात रक्ताची चव, आणि महिनाभर कबूल केलेले आइस्क्रीम गिळताना आलेले रडू. माझ्या वर्गात टॉन्सिल काढलेले आणखी चार-पाच जण होते. मुंज व्हावी तसे ते होऊन जायचे. कुणी फारसे विचारात पडत नसे.

गेल्या वर्षी आईने कुठल्याशा पुरवणीत वाचून मला विचारले, “अरे, आता म्हणे मुलांचे टॉन्सिल असे सरसकट काढत नाहीत. मग तुझे उगाच कापले का रे?” आईचे वय शहाऐंशी. प्रश्न सहज विचारल्यासारखा होता, पण तो सहज नव्हता हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळले. त्या दिवशी ऑपरेशनच्या खोलीबाहेर तीच बसली होती.

मी डॉक्टर नाही. सहकारी बँकेत एकतीस वर्षे खतावण्या तपासण्यात गेली आणि स्वेच्छानिवृत्तीनंतर जुन्या कागदपत्रांचा नाद लागला. वैद्यकाच्या इतिहासाकडे मी वळलो तो आईच्या या प्रश्नामुळे. उत्तर शोधायला जुनी वैद्यकीय नियतकालिके वाचू लागलो, अडलेली संख्याशास्त्राची पाने एका निवृत्त प्राध्यापकांकडून समजावून घेतली. हाती जे लागले ते घशाइतकेच डॉक्टर आणि आईबाप निर्णय कसा घेतात याबद्दलचे आहे. ते इथे मांडतो.

बोटापासून गिलोटिनपर्यंत

टॉन्सिल म्हणजे घशाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या बदामाच्या आकाराच्या गाठी. आपल्याकडे त्यांना गिलायू हा शब्द वापरला गेला आहे. बोलण्यात मात्र ‘घशातल्या गाठी’. (पडजीभ वेगळी. ती मधोमध लोंबते. आमची आजी घसा धरला की अंगठ्याला हळद-मीठ लावून पडजीभ दाबायची, आणि बरे वाटले की ‘पडजीभ चढली’ म्हणायची.) सुश्रुतसंहितेत टाळूच्या रोगांमध्ये तुंडिकेरी येते, ती आजचे वैद्य टॉन्सिलच्या सुजेशी जुळवतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममधल्या सेल्सस याने टॉन्सिल काढण्याची रीत लिहून ठेवली आहे. गाठ बोटाने सभोवार सोडवून ओढून काढावी, तशी निघाली नाही तर आकड्याने धरून कापावी. गुंगीचे औषध नसलेल्या काळातली ही गोष्ट आहे. अर्थात असे करून घेणारे थोडेच असणार.

१८२८ साली फिलाडेल्फियाच्या फिलिप सिंग फिजिक या शल्यविशारदाने टॉन्सिल छाटायचे एक यंत्र पुढे आणले. कड्यात गाठ पकडायची आणि पाते सरकवायचे. फ्रेंच राज्यक्रांतीतल्या शिरच्छेदाच्या यंत्रावरून या जातीच्या अवजारांना गिलोटिन हेच नाव पडले. लंडनचे मोरेल मॅकेन्झी यांनी ते सुधारून प्रचारात आणले. १८४६ नंतर ईथर आणि लगोलग क्लोरोफॉर्म आले. १८६८ मध्ये कोपनहेगनच्या विल्हेल्म मायर यांनी नाकाच्या मागच्या बाजूला वाढणाऱ्या अॅडेनॉइड गाठींचे वर्णन केले; त्या वाढल्या की मूल तोंडाने श्वास घेते आणि त्याला कमी ऐकू येते, हे दाखवले. पूर्वी जे काम धाडसाचे होते ते आता काही मिनिटांचे झाले.

हत्यार सोपे झाले होते, आता कारण हवे होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेही मिळाले. शिकागोच्या फ्रँक बिलिंग्ज यांच्यासारख्या नामांकित डॉक्टरांनी असा सिद्धान्त मांडला की दात, टॉन्सिल अशा एखाद्या कोपऱ्यात जंतू दबा धरून बसतात आणि तिथून सांधे, मूत्रपिंडे, हृदय बिघडवतात. ‘कोपऱ्यातला संसर्ग’ असे त्याला म्हणता येईल. यातला काही भाग खराच होता. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जिवाणूमागून र्‍हुमॅटिक ताप येतो आणि तो हृदयाच्या झडपा कायमच्या निकामी करू शकतो. पेनिसिलीन यायला अजून तीसेक वर्षे होती. अशा वेळी जंतूंचे घरच उपटून टाकावे असे डॉक्टरांना वाटले तर त्यात मूर्खपणा नव्हता. मात्र या खऱ्या भागाच्या आधारावर मतिमंदत्वापासून अशक्तपणापर्यंत सगळ्याचे खापर टॉन्सिलवर फुटू लागले. शाळांमधून वैद्यकीय तपासणी सुरू झाली होती, आणि तोंड उघडायला लावले की मोठ्या गाठी दिसायच्याच. वाढत्या वयात त्या मोठ्याच असतात आणि पुढे आपोआप आक्रसतात, हे तेव्हा फारसे कुणी विचारात घेत नव्हते.

१९०६ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात एक विलक्षण प्रकार घडला. तिथल्या शाळांमध्ये डॉक्टरांनी मुलांच्या अॅडेनॉइडच्या शस्त्रक्रिया केल्या होत्या. वस्ती पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबांची. डॉक्टर शाळेत मुलांचे गळे कापताहेत अशी अफवा पसरली आणि हजारो बायका शाळांवर चालून गेल्या. खिडक्या फुटल्या, पोलीस बोलवावे लागले, शाळा सोडून देऊन पोरे आयांच्या हवाली केल्यावरच गर्दी पांगली. ही हकीगत पुष्कळदा अडाणीपणाचा नमुना म्हणून सांगितली जाते. त्या बायका रशियातल्या ज्यूंच्या कत्तलींच्या आठवणी घेऊन आल्या होत्या, हे मात्र सांगायचे राहते. गळे कापले जात नव्हते हे खरेच. पण शाळेत आपल्या मुलाच्या घशात नेमके काय केले जाते, हे त्यांना समजेल अशा भाषेत सांगितलेले दिसत नाही.

हजार मुले

आता १९३४ कडे येऊ. अमेरिकन चाइल्ड हेल्थ असोसिएशन या संस्थेने न्यूयॉर्कच्या सार्वजनिक शाळांमधली अकरा वर्षांची हजार मुले निवडली. त्यातल्या ६११ जणांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. हाच आकडा थक्क करणारा आहे, पण खरी गोष्ट पुढे आहे.

उरलेली ३८९ मुले शाळेच्या डॉक्टरांना दाखवली. त्यांनी १७४ जणांचे, म्हणजे ४५ टक्क्यांचे, टॉन्सिल काढावेत असे सांगितले. राहिली २१५. त्यांना ‘गरज नाही’ असा दाखला मिळालेला होता. ती २१५ मुले आधीचा निकाल न सांगता दुसऱ्या डॉक्टरांपुढे उभी केली. त्यांनी ९९ जणांचे, म्हणजे ४६ टक्क्यांचे, काढायला सांगितले. दोनदा ठीक ठरलेली ११६ उरली. ती तिसऱ्यांदा दाखवली. या वेळी ५१, म्हणजे ४४ टक्के. शेवटी हजारातली ६५ मुले अशी राहिली की ज्यांचे टॉन्सिल काढले नव्हते आणि काढायला कुणी सांगितलेही नव्हते. चौथी फेरी झाली नाही. तपासायला नवे डॉक्टर उरले नव्हते!

बँकेत मी तपासनीस होतो, म्हणून हे आकडे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. समजा, एका शाखेतल्या खात्यांची तपासणी केली आणि ४५ टक्के सदोष निघाली. ती बाजूला काढून उरलेली दुसऱ्या तपासनिसाला दिली, तर दोष जवळजवळ शून्यावर यायला हवेत. तेही पुन्हा ४५ टक्केच आले आणि तिसऱ्यांदाही तेवढेच आले, तर याचा अर्थ उघड आहे. तपासनिसाने खाती पाहिलेलीच नाहीत. निम्म्याच्या आसपास दोष असतात ही समजूत तो घरून घेऊन आला आहे.

हे डॉक्टर लबाड नव्हते. पैशाचा प्रश्नही इथे नव्हता, कारण ते फक्त शिफारस करत होते. प्रत्येक जण आपल्या अनुभवाने, प्रामाणिकपणे घसा पाहत होता. ‘मोठे’ म्हणजे किती मोठे, हे समोरच्या रांगेतल्या इतर मुलांच्या तुलनेत ठरत होते. मोठे टॉन्सिल असलेली मुले रांगेतून गेली की मध्यम टॉन्सिल मोठे दिसू लागत. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ हॅरी बॅकविन यांनी १९४५ साली एका वैद्यकीय नियतकालिकात, बालवैद्यकातल्या भ्रामक समजुतींविषयीच्या लेखात, हे आकडे पुन्हा मांडले आणि म्हणून ते टिकले.

मार्गेट आणि रॅम्सगेट

इंग्लंडमध्ये याच सुमारास जेम्स अॅलिसन ग्लोव्हर नावाचे एक सरकारी वैद्यकीय अधिकारी शिक्षण खात्याच्या अहवालांचे गठ्ठे चाळत होते. जिल्ह्याजिल्ह्यांतून दरवर्षी येणारे, कुणी न वाचणारे तक्ते. १९३८ मध्ये रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनपुढे त्यांनी आपला निबंध वाचला.

ग्लोव्हर यांनी साधा प्रश्न विचारला होता: कोणत्या गावात किती शाळकरी मुलांचे टॉन्सिल काढले जातात? केंटच्या किनाऱ्यावर मार्गेट आणि रॅम्सगेट ही दोन गावे अगदी शेजारी आहेत. हवा एक, समुद्र एक. मार्गेटमधले प्रमाण रॅम्सगेटच्या आठपट होते. बाथमध्ये शेजारच्या ब्रिस्टलच्या पाचपट. त्यांनी गरिबी, दाटीवाटीची घरे, हवामान यांच्याशी हे प्रमाण जुळते का ते पाहिले. जुळेना. उलट, सुखवस्तू घरांतल्या मुलांचे टॉन्सिल गरिबांच्या मुलांपेक्षा जास्त काढले जात होते. संसर्गाचे खरे कारण असते तर हे उलटे दिसायला हवे होते.

लंडनजवळच्या हॉर्नसी या भागातले आकडे तर बोलके आहेत. १९२८ मध्ये तिथे शाळेतर्फे १८६ मुलांच्या शस्त्रक्रिया झाल्या. १९२९ मध्ये बारा. साथ ओसरली नव्हती, औषध निघाले नव्हते. शाळेचे वैद्यकीय अधिकारी बदलले होते. नव्या अधिकाऱ्यांचे मत वेगळे होते, एवढेच. आणि टॉन्सिल ठेवले म्हणून हॉर्नसीच्या मुलांचे काही बिघडल्याचे ग्लोव्हर यांना आढळले नाही.

म्हणजे मुलाचे टॉन्सिल राहणार की जाणार हे ते कोणत्या गावात जन्मले आणि त्या गावी कोणता डॉक्टर नेमला गेला यावर ठरत होते. हे १९३८ साली छापून आले. सोलापूरच्या त्या टेबलावर मी आकडे म्हणत झोपलो, त्याला तेव्हा चाळीस वर्षे अवकाश होता.

अॅक्रनची पाच भावंडे

सगळे सुरळीत होते तोवर ही शस्त्रक्रिया निरर्थक असली तरी निरुपद्रवी आहे, असे म्हणता आले असते. पण तसे नव्हते. रक्तस्रावाने आणि भुलीने मुले दगावत. आणि १९४१ मध्ये ओहायो राज्यातल्या अॅक्रन गावी जे झाले त्याने वैद्यकविश्व हादरले. एका कुटुंबातल्या पाच भावंडांचे टॉन्सिल ऑगस्टमध्ये एकाच वेळी काढले. काही दिवसांत पाचही जणांना पोलिओ झाला, आणि तोही मेंदूच्या देठावर घाला घालून गिळणे आणि श्वास बंद पाडणारा. तीन मुले गेली. पुढच्या वर्षी ही नोंद अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यानंतर पोलिओच्या हंगामात टॉन्सिलची ऑपरेशने पुढे ढकलण्याची प्रथा अनेक ठिकाणी पडली.

ही हकीगत मी रात्री वाचली आणि पुस्तक मिटून ठेवले. दोघांचे एकदमच उरकू, असे आमच्याही घरी ठरले होते.

यामागचे कारण उलगडायला आणखी तीस वर्षे लागली. १९७१ मध्ये पियारे ओग्रा या शास्त्रज्ञांनी दाखवले की आधी पोलिओची लस मिळालेल्या मुलांचे टॉन्सिल आणि अॅडेनॉइड काढले की त्यांच्या नाका-घशातली पोलिओविरोधी प्रतिद्रव्ये झपाट्याने घटतात. म्हणजे जिला जंतूंचे घर समजून उपटले, ती प्रत्यक्षात वेशीवरची चौकी होती. १८८४ मध्ये जर्मन शरीरशास्त्रज्ञ वाल्डेयर यांनी घशाभोवतीच्या या गाठींचे कडे वर्णन करून ठेवले होते. ते कडे तिथे कशासाठी आहे हे समजायला शतक उलटले. चौकी दोन-चार शिपायांनी कमी झाली तरी गाव चालते, म्हणून टॉन्सिल काढलेली आमच्यासारखी माणसे धडधाकट जगतात, हेही खरे.

चिठ्ठ्या टाकून

एवढे सगळे ठाऊक असून शस्त्रक्रिया थांबल्या का? नाही. १९५९ मध्ये एकट्या अमेरिकेत त्या सुमारे चौदा लाख झाल्या. कारण प्रत्येक डॉक्टरला स्वतःच्या पाहण्यातली मुले आठवत होती: टॉन्सिल काढले आणि पोर सुधारले. आईबापांचाही तोच अनुभव होता. तो खोटा कसा म्हणायचा?

तो खोटा नव्हता, पण अपुरा होता. मुलाचा घसा सर्वांत जास्त सतावत असतो तेव्हाच त्याला शस्त्रक्रियेला नेतात. सात-आठ वर्षांनंतर घशाचे दुखणे बहुतेक मुलांचे आपोआप कमी होते. तेव्हा न काढता काय झाले असते, हे कळल्याखेरीज काढल्याने काय झाले हे कळत नाही. रॉचेस्टरच्या अल्बर्ट कैसर यांनी १९३० मध्येच टॉन्सिल काढलेली २,२०० आणि न काढलेली तेवढीच मुले यांची दहा वर्षांची तुलना छापली होती. पहिल्या काही वर्षांत दिसलेला फायदा दहा वर्षांनी बराच फिका पडला होता. पण कोणत्या मुलाचे काढायचे हे तिथे चिठ्ठी टाकून ठरले नव्हते, त्यामुळे दोन्ही गट मुळात सारखे होते असे छातीठोकपणे म्हणता येत नव्हते.

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात जॉन वेनबर्ग आणि अॅलन गिटलसन यांनी १९७३ मध्ये ग्लोव्हर यांचाच प्रश्न पुन्हा विचारला. दर दहा हजार लोकांमागे टॉन्सिलच्या शस्त्रक्रिया एका भागात १३ तर दुसऱ्या भागात १५१ निघाल्या. हे आकडे तिथल्या डॉक्टरांपुढे ठेवल्यावर काय झाले, हे मला फार मोलाचे वाटते. कायदा झाला नाही, कुणावर खटला भरला नाही. आपण शेजाऱ्यापेक्षा किती जास्त कापतो हे डॉक्टरांना फक्त दिसले, आणि चार वर्षांत राज्यातले प्रमाण ४६ टक्क्यांनी उतरले.

शेवटी ज्या कामाने प्रश्नाला कड लागली ते पिट्सबर्गच्या मुलांच्या रुग्णालयात जॅक पॅराडाइज यांनी केले. हे काम १९७१ मध्ये सुरू झाले. त्यांची पहिली पायरी फार साधी होती. ‘याचा घसा सारखा धरतो’ असे सांगत आलेल्या ६५ मुलांना त्यांनी लगेच शस्त्रक्रियेला घेतले नाही. सांगितलेल्या हकीगतीप्रमाणे ती सगळी मुले कडक निकषांत बसत होती. पॅराडाइज यांनी ठरवले, आता प्रत्येक दुखणे तपासून लिहायचे. १९७८ मध्ये निकाल छापला. ६५ पैकी फक्त ११ मुलांच्या बाबतीत प्रत्यक्ष नोंद आणि सांगितलेली हकीगत जुळली. आया खोटे बोलत नव्हत्या. रात्रभर कण्हणारे मूल मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला तीन रात्री दहा वाटतात, इतकेच.

मग १९८४ मध्ये मुख्य अभ्यास आला. निकष असे: एका वर्षात घशाची किमान सात दुखणी, किंवा सलग दोन वर्षे दरसाल पाच, किंवा सलग तीन वर्षे दरसाल तीन; आणि प्रत्येकाची नोंद झालेली. या निकषांत बसलेल्या १८७ मुलांपैकी ९१ जणांचे आईबाप चिठ्ठीने ठरवायला तयार झाले. बाकीच्या ९६ जणांचे त्यांनी स्वतः ठरवले. निष्कर्ष दोन्ही बाजूंना जपून वाचावा असा होता. टॉन्सिल काढलेल्या मुलांना पहिली दोन वर्षे घशाचा त्रास स्पष्टपणे कमी झाला. पण न काढलेल्यांपैकीही पुष्कळांचे दुखणे मोजके आणि सौम्य राहिले. त्याच गटाने २००२ मध्ये दाखवले की याहून सौम्य त्रास असलेल्या मुलांमध्ये होणारा फायदा शस्त्रक्रियेच्या जोखमीपुढे तोकडा पडतो.

म्हणजे शस्त्रक्रिया वाईट नाही, सरसकट करणे वाईट. आज ती मुख्यतः वेगळ्याच कारणाने होते: मोठ्या गाठींमुळे झोपेत श्वास अडणे. २०१३ मध्ये ४६४ मुलांवरचा अमेरिकी अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शस्त्रक्रिया झालेल्या ७९ टक्के मुलांचा झोपेतला श्वास सात महिन्यांत सुरळीत झाला. नुसती वाट पाहिलेल्यांपैकीही ४६ टक्क्यांचा झाला. ब्रिटनमध्ये ४५३ प्रौढांवर झालेला अभ्यास २०२३ मध्ये आला. त्यात दोन वर्षांत घसा दुखण्याचे दिवस न काढलेल्या गटात मध्यमानाने ३० तर काढलेल्या गटात २३ भरले. वारंवार घसा धरणाऱ्या प्रौढांना शस्त्रक्रिया नाकारू नये, असा त्याचा अर्थ. काढण्याचा अतिरेक झाला तसा न काढण्याचाही होऊ शकतो.

वही

आता आईच्या प्रश्नाकडे. आमच्या घरी जमाखर्चाच्या वह्या आहेत. आई रोज रात्री स्वयंपाकघरात बसून लिहायची. दूध, रॉकेल, गिरणी, शाळेची फी. पॅराडाइज यांचा निबंध वाचताना मला त्या वह्या आठवल्या आणि मी माळ्यावरून ट्रंक खाली काढली.

डॉक्टरचा खर्च आईने नावानिशी आणि कारणानिशी लिहिला होता. ‘थोरल्याचा घसा, डॉ. ३ रु.’ अशी नोंद. घरातली समजूत अशी की माझा घसा ‘दर महिन्याला’ धरायचा. वहीत ऑपरेशनच्या आधीच्या बारा महिन्यांत घशाच्या नोंदी चार आहेत. त्याआधीच्या वर्षी तीन. त्याच्याही आधीची वही वाळवीने खाल्ली आहे. सात नाहीत, पाच-पाच नाहीत. पण तीन वर्षे तीन-तीन हा निकष लागू होतो की नाही, हे त्या खाल्लेल्या वहीत गेले. शिवाय हळद-मिठावर निभावलेली दुखणी वहीत येणारच नाहीत, कारण त्यांना पैसे पडले नाहीत.

भावाच्या नोंदीही मोजल्या. ज्या वर्षी त्याचे राहून गेले त्या वर्षी त्याच्याही चार होत्या. पुढच्या वर्षी माझी एक, त्याच्या दोन. त्याच्या पुढच्या वर्षी माझी एकही नाही, त्याची एक. नंतर दोघांच्याही थांबल्या. दोन मुलांवरून काहीही सिद्ध होत नाही, हे मी आता शिकलो आहे. तरी पिट्सबर्गच्या तक्त्यांशेजारी ठेवून पाहिले, तर आमची वही त्यांच्या विरुद्ध काही बोलत नाही.

हे सगळे मी आईला वही समोर ठेवून सांगितले. उगाच कापले असे म्हणता येत नाही, आणि कापायलाच हवे होते असेही म्हणता येत नाही. त्या वेळी आपल्याकडे र्‍हुमॅटिक तापाने मुलांची हृदये जात होती, आजही काही ठिकाणी जातात. डॉक्टरांना भीती वाटली ती खोटी नव्हती. फायदा झाला असेल तर वर्ष-दोन वर्षांचा, चार-पाच दुखण्यांचा. तुझी चूक काही नव्हती.

आईने चष्मा लावला, वहीचे ते पान जवळ घेऊन पाहिले. आपलेच अक्षर ती बराच वेळ वाचत होती. मग म्हणाली, “ही वही तेव्हा माझ्याजवळच होती. डॉक्टरांनी मागितली असती तर मी दाखवली असती. पण मला कुणी विचारलंच नाही रे, किती वेळा घसा धरला म्हणून. त्यांनी तुझं तोंड उघडून बघितलं आणि तारीख दिली.”